लेकीसोबत पळणारा पुंजाजी

पुंजाजी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पळायला लागला, तेव्हा कारंज्याच्या भाजीबाजारात त्याची बरीच थट्टा झाली. थट्टा करण्यासारखंच होतं ते. हा माणूस जन्मभर मळ्यात उकिडवा बसलेला. मेथी उपटायची, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, सकाळी मोटारसायकलला दोन्हीकडून पोती लटकावून भाजीच्या लिलावाला, हर्रासीला, न्यायची आणि ऊन तापायच्या आत घरी परतायचं. कमरेला कायमचा बाक आलेला. त्याला धावताना कोणी पाहिलं असलंच तर मळ्यात रानडुकरं शिरली तेव्हा, आणि तेव्हाही डुकरं पुढे आणि हा फार मागे. असा माणूस पांढरे बूट घालून, मनगटाला नाडा गुंडाळून समृद्धी महामार्गाच्या बाजूच्या रस्त्यानं धापा टाकत पळतो म्हटल्यावर लोक गप्प कसे बसतील?

नाड्याचं दुसरं टोक त्याच्या लेकीच्या हातात असायचं. साधना तिचं नाव, वय तेवीस. तिला दिसत नव्हतं.

ते एका दिवसात झालं नव्हतं. सहा-सात वर्षांची असल्यापासून ती दिवेलागणीला अडखळायची. शाळेतून यायला उशीर झाला की बांधावरून चालता चालता तिचा पाय सरळ वाफ्यात जायचा. एकदा तिनं नुकतीच लावलेली वांग्याची रोपं अशीच तुडवली. दिवसभर वाकून लावलेली रोपं ती. पुंजाजीनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, "डोये फुटले का तुये?" घरात सगळे तिला वेंधळी म्हणत. बारा वर्षांची झाली तेव्हा शाळेतल्या बाईंनी त्याला बोलावून सांगितलं, की हिला बाजूचं दिसत नाही, डॉक्टरला दाखवा. अमरावतीच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, बराच वेळ आत पाहिलं आणि सांगितलं, की डोळ्याचा पडदा कडेकडेनं सुकत चाललाय. नजर आकसत जाईल. यावर औषध नाही.

पाच वर्षं आधी आणली असती तर, असं पुंजाजीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, तरी हेच झालं असतं. ते पुंजाजीला कधीच पटलं नाही. डॉक्टर आपलं मन राखायला तसं म्हणाले, असंच तो धरून चालला. त्या धपाट्याबद्दल तो कोणाशी बोलला नाही. बायकोशीही नाही.

नजर आकसत होती त्या वर्षांत साधना पळायला लागली. समोरचं तेवढं तिला दिसे, नळीतून पाहावं तसं, आणि पळणाऱ्याला समोरचंच लागतं. नववीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत तीन हजार मीटरला ती पहिली आली. एकोणिसाव्या वर्षी ती नळीही बंद झाली. मग ती घरी बसली. बसली म्हणजे रिकामी नाही. बोटांनी चाचपून ती आईपेक्षा झपाट्यानं जुड्या बांधायची, कुजकं पान नुसत्या वासावरून बाजूला काढायची. पण आवाज बारीक झाला तिचा. कोणी काही विचारलं तर उत्तर देई, नाहीतर दिवस दिवस गप्प.

तिला या गप्प बसण्यातून बाहेर काढलं ते शेजारच्या मळ्यातल्या रंजीतानं. रंजीता पोलीस भरतीची तयारी करत होती, रोज पहाटे पळायची. एका सकाळी तिनं साधनाच्या आईच्या, गिरजाबाईच्या परकराचा नाडा मागून घेतला, एक टोक स्वतःच्या हाताला बांधलं, दुसरं साधनाच्या हातात दिलं आणि म्हणाली, चल. पहिल्या दिवशी दोघी बांधापर्यंत जाऊन आल्या. दहा महिन्यांत त्या अठरा किलोमीटर पळायला लागल्या. साधनाचा फोन बोलणारा होता, पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवायचा. त्यातच कुठे तरी तिनं ऐकलं, की ज्यांना दिसत नाही अशी माणसं मॅरेथॉन पळतात, बेचाळीस किलोमीटर. सोबत दोरी धरून एक डोळस माणूस पळतो. पुढच्या फेब्रुवारीत नागपूरला अशी एक मॅरेथॉन होती. साधनानं आईला सांगितलं, मी पळणार. त्या दिवशी तिचा आवाज मळ्याच्या टोकापर्यंत ऐकू आला, असं गिरजाबाई पुढे कित्येक दिवस सांगायची.

आणि मे महिन्यात रंजीताची भरती झाली. ती पेढे घेऊन आली. साधनानं पेढा खाल्ला, तिला मिठी मारली, आनंदानं दोन गोष्टी बोलली. रंजीता ट्रेनिंगला गेल्यावर मात्र दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही.

पुंजाजीनं मग माणूस शोधायला सुरुवात केली. मैदानावर पळणारी भरतीची पोरं होती, पण त्यांना सोळाशे मीटर जिवाच्या आकांतानं पळायचं असायचं. दोन-तीन तास एका लयीत पळणं त्यांच्या कामाचं नव्हतं. शिवाय परक्याच्या तरुण पोरीसोबत एका दोरीला बांधून रोज पहाटे पळायचं म्हटलं, की त्यांच्याच घरचे नको म्हणत. चहाच्या टपरीवर बसलेला उकंडराव सगळ्यांसमोर म्हणाला, की पुंजाजी, दोरी कोणाच्या हातात द्यायचीच आहे तर एकदाची लग्नाची दे. लोक हसले. पुंजाजीनं चहा तसाच ठेवला आणि उठला. थोरला मुलगा मुकेश पुण्याकडे कंपनीत होता. तो सुट्टीवर आला तेव्हा बहिणीसोबत एक दिवस पळाला, चौथ्या किलोमीटरला ओकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठलाच नाही.

जूनमधल्या एका पहाटे पुंजाजीनं मुकेशचे जुने बूट पायात घातले आणि साधनाच्या खाटेजवळ जाऊन उभा राहिला.

"ऊठ माय. जाऊ."

साधनानं आवाजावरून ओळखलं. ती उठून बसली. "बाबा, तुमी कायले?"

"मंग कोन?" पुंजाजी म्हणाला.

त्या दिवशी तो सातशे-आठशे पावलं पळाला असेल. छाती भात्यासारखी झाली, पिंढऱ्या दगड झाल्या. साधना शेजारी नुसती चालत होती, तरी त्याच्या पुढे जात होती. घरी येऊन त्यानं बूट काढले तर टाचेला फोड. गिरजाबाईनं निर्गुडीचा पाला गरम करून त्याचे गुडघे शेकले. तिला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, आपोआप उतरेल.

ते उतरलं नाही. पावसाळ्यात काळी माती बुटांना शेर शेर चिकटायची, म्हणून ते डांबरी रस्ता धरायचे. समृद्धी महामार्गाच्या बाजूनं एक रस्ता जातो, कुठे डांबर, कुठे मुरूम. सकाळी तिथं वर्दळ नसते. पुंजाजी महिन्याभरात तीन किलोमीटर पळायला लागला, पोळ्याला आठ, दसऱ्याला चौदा. कशी तयारी करायची ते साधना फोनवर ऐकायची आणि त्याला सांगायची. आठवड्यातून चार दिवस थोडं पळायचं, रविवारी लांब पळायचं, तीन आठवडे अंतर वाढवत न्यायचं आणि चौथ्या आठवड्यात कमी करायचं. पाण्यात मीठ-साखर. पळून आल्यावर शेंगदाणे आणि गूळ. पुंजाजीच्या पायाच्या अंगठ्याची नखं काळी पडली आणि दोन्ही गळून गेली. पोट आत गेलं, पँट दोरीनं बांधावी लागे. हर्रासीतली माणसं विचारायची, आजारी आहेस का?

सोबत पळणं म्हणजे नुसतं पळणं नव्हे, हे त्याला हळूहळू कळलं. डोळे दोघांचे वापरायचे. सुरुवातीला तो सगळंच सांगायचा. पुढे खड्डा आहे, बाजूला बोरीचं झाड आहे, समोरून म्हशी येताहेत, तीन आहेत, एक गाभण दिसते. साधना हसायची. तिनं त्याला शिकवलं, की एका शब्दात सांगायचं. खड्डा. गिट्टी. चढाव. गाडी. बाकीचं घरी आल्यावर. पुंजाजीला ते जमलं. जन्मभर कमी बोलणारा माणूस तो. एकदा दाट धुक्यात रस्त्याच्या कडेला काळविटांचा कळप उभा होता. त्या दिवशी मात्र त्याच्यानं राहवलं नाही आणि पळता पळता त्यानं तिला शिंगांचे पीळ कसे आहेत ते सांगितलं. साधनानं वेग कमी केला, पूर्ण ऐकून घेतलं. "काया रंगाचा एकच असते ना त्यायच्यात?" तिनं विचारलं. लहानपणी तिनं पाहिलेला होता.

बापलेक एवढा वेळ एकमेकांसोबत कधीच राहिले नव्हते. तेवढे चार महिने पुंजाजी सुखी होता, असं म्हणायला हरकत नाही.

नोव्हेंबरात नागपूरच्या मॅरेथॉनचा फॉर्म भरला. त्यात सोबत पळणाऱ्याचं नाव आणि वय लिहायचं होतं. चार दिवसांनी तिथल्या एका माणसाचा फोन आला. तो चांगलं बोलला. म्हणाला, काका, सोबतचा माणूस पळणाऱ्यापेक्षा दमदार असावा लागतो. तुमचं वय चौपन्न, हिची गती चांगली दिसते. आमच्याकडे असे तयार लोक आहेत, एक बाईही आहेत. पण दोन-तीन महिने हिला नागपूरला येऊन त्यांच्यासोबत सराव करावा लागेल. राहण्याची सोय आम्ही बघू.

साधना शेजारीच बसली होती. फोनचा आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू येत होतं.

पुंजाजी म्हणाला, "नाई साहेब. मी हावो ना."

फोन ठेवल्यावर तो स्वतःलाच कारणं सांगत बसला. परक्या शहरात पोर कुठे राहणार, न्हाणी-संडास कोण दाखवणार, तिथं कोणी कसं वागवलं तर? ती कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण त्याचं त्याला माहीत होतं. त्याच्या हिशेबानं या मुलीचं एक काम त्याच्याकडून राहिलं होतं आणि ते दुसऱ्या कोणी केलेलं त्याला चालणार नव्हतं. साधना उठली आणि पालकाच्या जुड्या बांधायला गेली.

डिसेंबरच्या मध्याला ते एकवीस किलोमीटर पळाले. त्याच सुमारास पुंजाजीला छातीत काहीतरी व्हायला लागलं. दुखणं म्हणावं असं नव्हे. कोणी छातीवर भरलेलं पोतं ठेवावं तसं, चढाला लागलं की यायचं आणि थांबलं की जायचं. डावा खांदा भरून यायचा. त्याला वाटलं, थंडी आहे, वय आहे. तो थांबायचा आणि साधनाला म्हणायचा, बुटाची लेस सुटली. एका रविवारी त्याची लेस चार वेळा सुटली. साधना दर वेळी शांत उभी राहायची, नाडा हातात धरून, तोंड रस्त्याकडे करून.

गिरजाबाईला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. "पोरीले पयवता पयवता तुमी जासान," ती म्हणाली. पुंजाजीनं तिला सांगितलं, की एवढी एक फेब्रुवारी होऊ दे. मग मी चपलासुद्धा भराभर घालणार नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी तीस किलोमीटर पळायचे होते. पंधरा जायचं, पंधरा यायचं. शर्यतीआधीचं हे सगळ्यात लांब पळणं, यानंतर अंतर कमी करत न्यायचं, असं साधनानं ठरवलं होतं. पहाटे पाचला निघाले. थंडी होती, धुकं होतं. जाताना सगळं ठीक झालं. परतीला लागले तेव्हा उजाडलं होतं. विसाव्या किलोमीटरला पुंजाजीची लेस सुटली. बाविसाव्याला पुन्हा. चोविसाव्याला एक लहानसा पूल आहे, त्याच्या अलीकडे बारीक चढ. त्या चढावर पुंजाजीला सांगायचं होतं, चढाव. तो शब्द तोंडातून आला नाही.

नाड्याला हिसका बसला आणि साधनाचा हात खाली ओढला गेला. ती गुडघ्यावर पडली. मग चाचपत तिनं त्याचा खांदा शोधला, गळा शोधला, तोंडावर हात फिरवला. तोंड घामानं गार झालेलं. तिचा बोलणारा फोन जड म्हणून घरी असायचा. पुंजाजीच्या खिशात साधा बटणांचा फोन होता. पाचाच्या बटणावर उंचवटा असतो, त्यावरून अंदाज घेत तिनं अँब्युलन्सचा एकशे आठ लावला. लागला. पलीकडच्या माणसानं विचारलं, नेमके कुठे आहात? तिनं समृद्धीच्या बाजूचा रस्ता सांगितला. तो रस्ता लांबच लांब आहे, असं तो म्हणाला. जवळ कोणतं गाव आहे, समोर काय दिसतं?

साधना म्हणाली, "मले दिसत नाई."

तिनं फोन बापाच्या तोंडाला लावला. पुंजाजीला सगळं ऐकू येत होतं, पूल समोर दिसत होता, पण त्याच्या तोंडून वाराच बाहेर पडत होता. तिनं त्या माणसाला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, चोवीस किलोमीटर पळालो, घरून निघून अमक्या वेळानं फिरलो. तो म्हणाला, गाडी काढतो, पण कोणी माणूस दिसला तर त्याला फोन द्या.

माणूस कुठेच नव्हता. दूर पुढे कुठे तरी एक इंजिन सुरू असल्याचा आवाज येत होता. ट्रॅक्टर असेल, पाण्याचं मशीन असेल. साधनानं मनगटाचा नाडा सोडला.

"बाबा, रस्ता सरळ हाये का?"

पुंजाजीनं सगळा जीव गोळा केला. "सरळ," तो म्हणाला.

ती उठली. एक पाय डांबरावर आणि दुसरा कडेच्या मुरमावर, असं तिनं चाचपून घेतलं. आणि पळाली.

पुंजाजी कुशीवर पडून तिच्याकडे पाहत होता. छातीवरचं ओझं आता हातात उतरलं होतं. साधना पन्नासेक पावलांवर पडली, दोन्ही हातांवर. उठली. कड चाचपली आणि पुन्हा पळाली. पुलाच्या कठड्याला तिचा हात घासला. मग ती सरळ लागली. आठ महिने पुंजाजी तिच्या शेजारी पळाला होता, पण तिला पळताना त्यानं पाहिलं नव्हतं. शेजारून दिसत नाही ते. आता मागून दिसत होतं. चोवीस किलोमीटर झालेल्या त्या पोरीचे पाय मागे उंच उचलले जात होते, खांदे हलतसुद्धा नव्हते, आणि पाहता पाहता ती एवढीशी झाली. असा वेग त्यानं तिचा एकदाही अनुभवला नव्हता. म्हणजे रोज, प्रत्येक रविवारी, ती त्याच्यासाठी पाय मागे ओढत होती. नागपूरचा माणूस जे फोनवर सांगत होता ते हे होतं. पुंजाजीला हे सगळं स्वच्छ कळलं, आणि त्यानंतर त्याला फार काही आठवत नाही.

दीडेक किलोमीटरवर तिला पवन नावाचा दूधगाडीवाला भेटला. गाडीचं बॉनेट उघडून, इंजिन सुरू ठेवून तो उभा होता. हातापायांतून रक्त येणारी एक पोरगी इंजिनच्या आवाजावर धावत आली आणि गाडीलाच धडकली, असं त्यानं नंतर बाजारात सगळ्यांना सांगितलं. त्यानंच पुंजाजीला कारंज्याला आणलं. तिथून अकोला. हृदयाची एक नळी पूर्ण बंद झालेली होती, तिच्यात स्प्रिंग टाकली. हृदयाचा एक भाग मेला तो मेलाच. डॉक्टरांनी गिरजाबाईला समजावून सांगितलं, की हे आता सपाटीवर दोन किलोमीटर सावकाश चालतील. ओझं उचलायचं नाही. पळण्याचं तर नावच काढायचं नाही.

पाचव्या दिवशी साधनाला वॉर्डात आत सोडलं. तिच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. ती खाटेच्या कडेला बसली. पुंजाजीला तिला सांगायचं होतं, की मी तुला पाहिलं, तू कशी पळतेस ते मला कळलं, माझी चूक झाली, तू नागपूरला जा. त्यानं सुरुवातही केली. पण तिनंच त्याला थांबवलं.

"मले आयकू येत होतं, बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचा दम. महिन्याभरापासून आयकू येत होता. लेस सुटत नोती, तेही मालूम होतं मले. लेसचा आवाज येते बांधताना." तिनं तळहाताच्या पट्टीचं टोक चाचपून आत खोचलं. "म्या सांगतलं नाई. सांगतलं असतं तं तुमी पयणं बंद केलं असतं. मले नागपूरले जायाचं होतं."

असं म्हणू नको, तुझा काय दोष, हे पुंजाजीनं म्हटलं, पण अमरावतीच्या डॉक्टरांनी त्याची समजूत काढली तेव्हा ते शब्द त्याच्या कानाआड गेले होते, तसेच हे तिच्याही गेले. तिनं मान हलवली आणि त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

घरी आल्यावर पुंजाजीनं तिच्या नकळत नागपूरच्या त्या माणसाला फोन केला. त्यानं हळहळ दाखवली. म्हणाला, यंदा आता दहाच दिवस राहिलेत, कोणाला जोडता येणार नाही. पण पुढच्या वर्षासाठी तिला आत्ताच यायचं असेल तर अवश्य येऊ द्या. पुंजाजीनं हे साधनाला सांगितलं. ती नाही म्हणाली. रागानं नाही, रडून नाही, जेवायला वाढू का म्हटल्यावर भूक नाही म्हणावं तशी. त्यानं चार दिवसांनी पुन्हा काढलं. तेव्हाही तेच. शर्यतीच्या रविवारी सकाळी तिनं पालकाच्या साठ जुड्या बांधल्या आणि मुकेश, जो बापाच्या आजारपणासाठी आला होता, तो त्या हर्रासीला घेऊन गेला.

एप्रिलमध्ये रंजीता सुट्टीवर आली. तिला सगळं कळलेलं होतं. तिनं साधनाला समजावलं नाही, उपदेश केला नाही. पहाटे आली आणि पूर्वीसारखी म्हणाली, चल. साधना उठली, बूट घातले. पुंजाजी अंगणात खाटेवर होता. दोघी बांधावरून रस्त्याला लागल्या ते त्यानं पाहिलं. त्याचे कान त्यांच्या पावलांकडे लागले. शंभर पावलं, दोनशे पावलं. मग आवाज थांबला. बऱ्याच वेळानं दोघी चालत परत आल्या. रंजीतानं नंतर गिरजाबाईला सांगितलं, की पळता पळता माझ्या हाताची दोरी जरा सैल झाली, तर ती जागच्या जागी उभी राहिली. तुझा श्वास ऐकू दे म्हणाली, तुझा श्वास ठीक आहे का, असं विचारत राहिली. मी चार वेळा सांगितलं ठीक आहे. तिला खरं वाटेना.

रंजीता आठ दिवस होती. रोज यायची, बसायची, चहा प्यायची. चल असं पुन्हा म्हणाली नाही.

मळा आता अर्धाच लावतात. मुकेशनं पुण्याची नोकरी सोडली. तो भाजी नेतो-आणतो, पण त्याचं मन त्यात नाही, ते दिसतं. पुंजाजी डॉक्टरनं सांगितलं तेवढं चालतो. मळ्याच्या फाटकापासून टपरीपर्यंत आणि परत. उकंडराव आता त्याची थट्टा करत नाही, खुर्ची पुढे करतो. ते पुंजाजीला थट्टेपेक्षा वाईट लागतं.

जूनमध्ये साधना अमरावतीला गेली. ज्यांना दिसत नाही अशा मुलींचं तिथं एक वसतिगृह आहे, कॉम्प्युटरचा कोर्स शिकवतात. कोणी तरी फॉर्म आणून दिला होता. ती जाते म्हणाली, आणि घरात कोणी अडवलं नाही. परक्या शहरात पोर कशी राहील, असं पुंजाजीच्या मनातही आलं नाही, आणि नंतर ते लक्षात आल्यावर त्याला एक पूर्ण दुपार जेवण गेलं नाही.

दर रविवारी सकाळी ती फोन करते. आईशी बोलते, मुकेशशी बोलते, मग फोन बापाकडे येतो. गोळ्या घेतल्या का विचारते. एकदा पुंजाजीनं धीर करून विचारलं,

"तिथं मैदान गिदान हाये का वं?"

"हाये."

"मोठं हाये?"

"मोठं हाये म्हनतात पोरी."

"मंग?"

"मंग काई नाई, बाबा. हाये मैदान."

पुंजाजीनं बरं म्हटलं. मग त्यानं तिला यंदा वांगी कशी आली ते सांगितलं, आणि ती ऐकत राहिली.